घरच्या धंद्यात मूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरातून किंवा एखाद्या गाळ्यातून धंदा करणारे आईवडील हे प्रश्न सतत विचारतात. कुणाचं नौपाड्यात पोळीभाजी केंद्र असतं, कुणाचं ऐरोलीत स्टेशनरीचं दुकान, कुणी कळव्यात घरच्या घरी फराळ आणि मसाले करून विकतं. खालची उदाहरणं बहुतेक फराळाच्या धंद्यातली आहेत, कारण मोजमाप, हिशेब, स्वच्छता आणि सणाची धांदल हे सगळं तिथे एकत्र सापडतं. धंदा दुसरा असला तरी पदार्थ बदलून तेच लागू पडेल.

चौदा वर्षांखालच्या मुलानं दुकानात मदत केलेली कायद्याला चालते का?

मर्यादित अर्थानं चालते. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामावर ठेवायला बंदी आहे. अपवाद दोनच : कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला शाळा सुटल्यावर वा सुट्टीत केलेली मदत, आणि कलाकार म्हणून केलेलं काम. २०१७ च्या नियमांनी या ‘मदती’ला कुंपण घातलं आहे :

शाळेच्या वेळेत मदत नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात नाही. दिवसाला विश्रांती सोडून ३ तासांपेक्षा जास्त नाही. धोकादायक कामांच्या यादीतलं काम नाही. गृहपाठ किंवा शाळेनं दिलेला उपक्रम बुडेल असं काही नाही. मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायचं नाही. आणि लोक ज्याकडे सर्रास डोळेझाक करतात ती अट : माल बनवणं, पुरवणं, विकणं या साखळीतलं ज्या कामातून मुलाची किंवा कुटुंबाची कमाई होते, ते काम मदतीत धरलेलं नाही.

ही शेवटची अट शब्दशः वाचली तर दहा वर्षांच्या मुलीनं विक्रीच्या चिवड्याची पाकिटं भरणं हीसुद्धा मदत ठरत नाही. ‘आमच्या लहानपणी आम्ही सगळं केलं’ हे खरं असेलही, पण नियमापुढे त्याचा उपयोग नाही.

‘कुटुंब’ या शब्दात आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा आणि मावशी येतात. आजी-आजोबांचा उल्लेख व्याख्येत नाही, ही गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शेजाऱ्यांचं किंवा वडिलांच्या मित्राचं दुकान तर यात मुळीच बसत नाही, मग घरोबा कितीही असो.

मग लहान मुलाला करू तरी काय द्यायचं?

दुसरी मोजणी. पहिली मोजणी मोठ्या माणसानं करायची, काम तिथेच पुरं व्हायचं. त्यानंतर मुलानं तेच पुन्हा मोजून पाहायचं. आईनं सकाळी गल्ल्यात सुट्टे ठेवले आणि वहीत मांडले. दुपारी शाळेतून आलेला मुलगा नोटा परत मोजतो आणि आकडा जुळतो का ते सांगतो. तो आला नाही तरी धंद्याचं काही अडत नाही. मदत आहे की राबवणूक हे ओळखायची कसोटीही हीच : मूल आज आलं नाही म्हणून एखादी ऑर्डर राहणार असेल, तर तुम्ही त्याला कामगार केलं आहे.

वयाप्रमाणे साधारण असं जमतं.

६ ते ८ वर्षं : डब्यावरची नावं वाचणं, रिकाम्या बरण्या आकारानुसार लावणं, नाणी वेगळी करणं, ‘अर्धा किलोत पाव किलोची किती पाकिटं’ हे प्रत्यक्ष वजन टाकून पाहणं. वीस मिनिटं पुरे. याहून जास्त वेळ या वयाचं मूल काम करत नाही, नुसतं आजूबाजूला असतं, आणि मग काहीतरी सांडतं.

९ ते ११ : घरच्यासाठी बाजूला काढलेल्या मालाचं वजन, सामानाच्या यादीतल्या भावांची मागच्या महिन्याशी तुलना, रोजमेळाची बेरीज ताडून पाहणं.

१२-१३ : एका पदार्थाचा पूर्ण खर्च काढणं, साठ्याची दुसरी मोजणी, पाकिटावरच्या चिठ्ठीचा मजकूर तपासणं, मोठ्यांसोबत खरेदीला जाणं.

१४ ते १७ : आता ती किशोरवयीन. बिलं करणं, पाकिटं भरणं, ऑर्डरवही सांभाळणं, पुरवठादाराला फोन करणं ही खरी कामं देता येतात. धोकादायक कामं मात्र १८ पूर्ण होईपर्यंत नाहीत. वेळेचं माप म्हणून कायद्यातल्या किशोरवयीन कामगारांच्या तरतुदी हाताशी धरा : सलग ३ तासांनंतर १ तास विश्रांती, विश्रांती धरून एकूण ६ तास, संध्याकाळी ७ नंतर काम नाही, आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा.

दुकानात गर्दी संध्याकाळी सातनंतरच असते. तेव्हाच तर हात हवा असतो.

हो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. लोकलमधून उतरलेलं गिऱ्हाईक साडेसात ते नऊ या वेळात येतं. स्टेशनजवळच्या कुठल्याही पोळीभाजी केंद्राचा धंदा त्या दीड तासावर चालतो. त्या वेळी मूल गल्ल्यावर बसलं की एक मदतनीस वाचतो, हे गणित सरळ आहे. म्हणूनच नियमानं ते दार बंद केलं आहे. गर्दीच्या वेळेसाठी अर्धवेळ माणूस ठेवा. त्याचा पगार परवडत नसेल तर अडचण किमतीत आहे. मुलाला बसवून ती झाकली जाते, सुटत नाही.

मुलाला दुपारची वेळ द्या. सकाळच्या सत्रातलं मूल जेवून, थोडं आडवं होऊन साडेतीनला मोकळं होतं. चार ते पाच ही वेळ उत्तम. दुपारच्या सत्रातल्या मुलाला सकाळी नऊ ते दहा जमतं. आठवड्यातून दोन दिवस एकेक तास आणि शनिवारी दोन तास, यापलीकडे शाळेच्या दिवसांत जाऊ नये असं आमचं मत आहे.

खर्च काढायला कसं शिकवायचं? नुसतं ‘नफा बघ’ म्हटलं तर मुलांना काही कळत नाही.

एक पदार्थ घ्या, एकच घाणा घ्या, आणि सगळं कागदावर मांडा. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा ५ किलोचा घाणा धरू. भाव हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या ताज्या बिलातले आकडे टाका.

पातळ पोहे ३ किलो, ८० रुपयांनी : २४०
शेंगदाणे ७५० ग्रॅम, १६० रुपयांनी : १२०
डाळं ५०० ग्रॅम, १४० रुपयांनी : ७०
सुकं खोबरं २५० ग्रॅम, ३२० रुपयांनी : ८०
तेल ६०० मिली, १५० रुपयांनी : ९०
मिरच्या, कढीपत्ता, पिठीसाखर, मीठ, हळद, हिंग : ६०

जिन्नस झाले ६६० रुपयांचे. गॅस ६०. पाव किलोच्या २० पिशव्या आणि चिठ्ठ्या, ४ रुपयांप्रमाणे ८०. इथे बहुतेक मुलं रेघ मारून बेरीज करतात : ८००. पाकीट ८० रुपयांना विकलं तर २० पाकिटांचे १,६००, म्हणजे नफा ८००, दुप्पट! मुलगा खूश.

आता विचारा, ‘आई तीन तास उभी होती, तिचे पैसे कुठे आहेत?’ तासाला १०० धरले तर ३०० रुपये. खर्च ८०० वरून १,१०० वर जातो, नफा ५०० वर येतो. एका पाकिटाचा खर्च ४० नव्हे, ५५. घरगुती धंद्यात भाव चुकतो तो याच ओळीत, आणि मोठ्यांचाही चुकतो. किराणा, गॅस, पिशव्या सगळं धरतात आणि स्वतःचे हात फुकट समजतात. मग कधी मदतीला बाई ठेवायची वेळ आली की कळतं, त्या भावात तिचा पगार निघतच नाही.

पुढच्या खेपेला टक्केवारी घ्या. ५५ रुपये खर्च आणि ८० रुपये विक्री, म्हणजे २५ रुपये सुटले. खर्चावर हे सुमारे ४५ टक्के, विक्रीवर ३१. दुकानदार एकमेकांशी बोलताना कोणती टक्केवारी सांगतात हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मिठाईच्या दुकानात माल ठेवायचा झाला तर ते विक्रीवरचं कमिशन मागतात. २० टक्के म्हणजे ८० मधले १६ गेले. उरले ९. हे गणित बारा वर्षांच्या मुलाला उत्तम समजतं, कारण चिवडा समोर असतो.

वजन करताना मुलांकडून कोणत्या चुका होतात?

तीन, आणि तिन्ही मोठ्यांकडूनही होतात.

पहिली : रिकाम्या पिशवीचं वजन शून्य करायला विसरणं. जाड पिशवी ५-६ ग्रॅमची असते. ती धरली गेली तर माल तेवढा कमी जातो, आणि छापलेल्या निव्वळ वजनापेक्षा कमी माल देणं हा गुन्हा आहे. पिशवी ठेवा, शून्याचं बटण दाबा, आकडा स्थिर झाला की भरा.

दुसरी : काटा पंख्याखाली किंवा हलत्या टेबलावर ठेवणं. आकडा दोन-चार ग्रॅमनं नाचतो आणि मूल मधलाच एखादा पकडतं. काट्यावरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आहे का, हे आधी पाहायला शिकवा.

तिसरी : ‘थोडं जास्त गेलं तर काय होतं?’ एकोणीस पाकिटांत प्रत्येकी १० ग्रॅम जास्त म्हणजे १९० ग्रॅम. विसावं पाकीट पाव किलोचं भरतच नाही, ६० ग्रॅमच उरतात. ८० रुपयांच्या भावानं सुमारे ६१ रुपयांचा माल गेला. हे सांगून पटत नाही. शेवटची पिशवी रिकामी राहिलेली दाखवा.

विक्रीसाठी वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रावरची तारीख शोधायचं काम मुलाला द्या. अनेक दुकानांत ती उलटून गेलेली निघते.

जाता जाता : आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ असेल तर मुलाला त्यांच्याजवळ बसवा. ‘अठरा पावणे?’ असं विचारल्यावर ‘साडेतेरा’ हे उत्तर कॅल्क्युलेटर उघडायच्या आत यायचं, ते याच पाढ्यांमुळे.

गल्ल्यावर पैसे मोजायला कसं शिकवू?

सुट्ट्यांपासून. सकाळची सुरुवात ठरलेल्या ५०० रुपयांनी करा : दहाच्या २० नोटा, विसाच्या १०, पाचची १० नाणी, दोनची १५ आणि एकची २०. भवानी झाली की बहुधा पाचशेचीच नोट येते, तेव्हा हे सुट्टे कामी येतात.

परत द्यायचे पैसे वजाबाकीनं नको, चढत्या मोजणीनं. बिल १३७, गिऱ्हाइकानं दिले २००. १३७ आणि ३ झाले १४०, आणि १० झाले १५०, आणि ५० झाले २००. हातात ६३ आले. दोनशेची नोट परत देईपर्यंत गल्ल्यात टाकायची नाही, बाहेर वजनाखाली ठेवायची. ‘मी पाचशेची दिली होती’ हा वाद तिथेच मिटतो.

दिवसाचा मेळ : सुरुवातीची रोख अधिक रोख विक्री वजा रोख खर्च. ५०० अधिक २,३४० वजा १८० म्हणजे गल्ल्यात २,६६० हवेत. ऑनलाइन आलेली रक्कम वेगळ्या रकान्यात. ती रोखीत मिसळली की मेळ कधीच लागत नाही, आणि मूल वैतागून वही सोडून देतं.

क्यूआर कोडवर आलेले पैसे मुलानं तपासले तर चालतील?

चौदावं पूर्ण झाल्यावर, आणि तीन गोष्टी अंगवळणी पडल्यावर. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे आले असं नाही. खोट्या पावत्या दाखवणारी ॲप असतात. स्पीकरवरची घोषणा किंवा दुकानाच्या फोनवर बँकेची जमा नोंद, हाच पुरावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला की तिथेच थांबायचं. आणि रोज दुकान उघडल्यावर स्वतःचा कोड एकदा स्कॅन करून नाव आपलंच येतं ना ते पाहायचं, कारण वरून दुसऱ्याचा कागद चिकटवण्याचे प्रकार होतात.

दुकानाच्या बँक खात्याचा पिन मुलाला सांगू नका. विश्वासाचा प्रश्न नाही. गडबड झाली तर संशय त्याच्यावर यायला नको.

कामाचे पैसे द्यावेत का?

चौदा वर्षांखाली नाही. मोबदला दिला की ती नोकरी झाली, आणि नोकरीला बंदी आहे. खाऊचे पैसे वेगळे, ते भावंडांना सारखे आणि कामाशी न जोडलेले द्या. ‘आज शंभर पाकिटं मोजलीस, घे पन्नास’ असं एकदा झालं की पुढच्या शनिवारी मूल आधी दर विचारतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

चौदाच्या पुढे खरं काम खऱ्या वेळेत होत असेल तर ठरवून, तारखेला, वहीत नोंद करून पैसे द्या. बाहेरच्या माणसाला त्या कामाचं जे दिलं असतं त्याच्या आसपास. ‘घरचाच आहे’ म्हणून निम्मे देणं मुलांच्या फार लक्षात राहतं.

हे पैसे ठेवायला त्याचं स्वतःचं खातं असावं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः उघडून चालवू द्यायची बँकांना मुभा आहे. किती रकमेपर्यंत, हे प्रत्येक बँक ठरवते, शाखेत विचारा.

मुलाच्या नावावर पगार दाखवून कर वाचतो का?

नाही. चौदाच्या आतल्या मुलाचा पगार वहीत लिहिणं म्हणजे कायदा मोडल्याची नोंद स्वतःच्या हातानं करणं. चौदाच्या पुढेही न केलेल्या कामाचा पगार दाखवू नका.

स्वयंपाकघरातल्या कामाचं काय? मुलीला करंज्या वळायची खूप हौस आहे.

घरच्या ताटासाठी हव्या तेवढ्या वळू द्या. विक्रीच्या घाण्यापासून दूर. आणि खालच्या गोष्टींना अठरापर्यंत हात नाही : तापलेली कढई, विजेवर चालणारं चकलीचं किंवा पुरणाचं यंत्र, ओला दळणारा मोठा मिक्सर, पाकिटं सील करायची तापती पट्टी, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर बदलणं. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असतं. ते वाफाळत नाही, बुडबुडत नाही, शांत दिसतं, आणि मुलं फसतात ती त्यामुळेच. तळण चालू असताना कढईभोवती तीन फुटांवर खडूची रेघ ओढा. रेघेच्या आत मूल आलं की गॅस बंद. दोनदा खरंच बंद केला की रेघ पाळली जाते.

भाजलं तर ताबडतोब नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप तर नाहीच. बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. चेहरा, हाताचा पंजा किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ ला फोन करा.

आणखी एक. सर्दी-खोकला झालेलं मूल माल असलेल्या खोलीत नको, मग ते कशालाही हात लावणार नसलं तरी. एका खोलीच्या घरात हे अवघड जातं. अशा दिवशी मोठ्यांनीच पाकिटं भरायच्या कामाचा क्रम बदलावा.

घर एका बेडरूमचं आणि धंदाही तिथेच. अभ्यास आणि काम वेगळं कसं ठेवायचं?

जागा वेगळी होत नसेल तर वेळ आणि पृष्ठभाग वेगळा करा. ज्या टेबलावर मूल अभ्यास करतं त्यावर माल कधीच ठेवायचा नाही. एकदाही नाही, दिवाळीतही नाही. वह्यांना तेलाचे डाग पडले की शाळेत त्याला काय ऐकावं लागतं, ते घरी सांगत नाही. ऑर्डरचा फोन वाजला तर मुलानं उचलायचा नाही. आणि दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आई आंघोळीला गेलीय, मीच देतो’ हे बंद. दारावर वेळेची पाटी लावा.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस? तेव्हा घरात कुणालाच उसंत नसते.

शाळेची सहामाही परीक्षा साधारण त्याच सुमारास असते, हे लक्षात ठेवून ऑर्डर घ्यायची मर्यादा आधीच ठरवा. घरात रात्री बारापर्यंत कढई चालू असेल तर मूल झोपत नाही, मग त्यानं मदत केली काय आणि नाही काय. जाहिरातीतच शेवटची तारीख छापा. त्या तारखेनंतर आलेल्या जवळच्या काकूंनाही नाही म्हणायला लागेल.

मुलासाठी दिवाळीच्या निमित्तानं एकच काम फायद्याचं : मागच्या वर्षीची ऑर्डरवही घेऊन कोणता पदार्थ किती गेला, किती उरला, कुठली ऑर्डर चुकली हे तक्त्यात मांडणं. हे सप्टेंबरातच करून घ्या, तेव्हा ते खरेदीच्या यादीला उपयोगी पडतं. ऑक्टोबरात केलं तर नुसता इतिहास.

खरेदीला एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, न्यावं का?

न्यावं, पण भाजीच्या बाजारात पहाटे नको. तिथला व्यवहार उजाडायच्या आत सुरू होतो, ट्रक मागे-पुढे घेत असतात आणि हातगाड्या कुणासाठी थांबत नाहीत. धान्य आणि मसाला बाजार दिवसा चालतो, तिथे अकराच्या सुमारास जा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीनं तुर्भे किंवा सानपाड्याला उतरा.

जायच्या आधी मुलाकडून यादी करून घ्या : जिन्नस, किती हवा, मागच्या खेपेचा भाव, आणि कोरा रकाना. बाजारात तीन दुकानांत भाव विचारून त्यानं तो रकाना भरायचा. घासाघीस तुम्ही करा. मिरची हातात चोळून रंग पाहणं, धणे चावून पाहणं, पोत्याच्या तोंडाचा माल चांगला आणि तळाशी चुरा असू शकतो म्हणून मधून मूठ काढायला सांगणं, ही शिकवणी शब्दांनी होत नाही. मिरचीचा हात डोळ्याला लागणार नाही याची काळजी घ्या, ओला रुमाल बरोबर ठेवा. उचलणी हमालांकडून किंवा स्वतः करा. बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर दहा किलोची पिशवी द्यायची नाही.

सोसायटीत डबे पोचवायला पाठवलं तर?

चौदाच्या आत नाही. पुढे फक्त आपल्याच सोसायटीत, उजेडात, आणि दाराबाहेरूनच देऊन परत.

स्कूटर मात्र नाहीच. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. घराघरातल्या ११०-१२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलानं चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्यानुसार पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. घोडबंदर रोडवर दोन डबे वेळेत पोचवण्याची ही किंमत आहे.

उधारी मागायला मुलाला पाठवतो. लोक त्याला नाही म्हणत नाहीत.

नाही म्हणत नाहीत हे खरं, आणि म्हणूनच पाठवू नका. समोरचा माणूस ओशाळून पैसे देतो आणि नंतर गिऱ्हाईक तुटतं. क्वचित मुलाला दारातच काहीबाही ऐकवतो. उधारवहीची बेरीज मूल करू शकतं. वसुलीचा फोन तुमचा.

मुलगा दुकानातल्या मावशींना हुकूम सोडतो. ‘छोटे शेठ’ म्हणून सगळे हसतात.

हसणं पहिल्यांदा तुम्ही थांबवा. मावशी पंधरा वर्षं पोळ्या लाटतात आणि कणीक कधी सैल झाली हे त्यांना हातानं कळतं. मुलाला आठवडाभर त्यांच्या शेजारी बसवून एकच विचारायला लावा : किलोभर पिठाच्या किती पोळ्या होतात आणि का? पीठ बदललं, उन्हाळा आला, पोळीचा आकार बदलला की आकडा बदलतो. तो आकडा मावशींच्या तोंडून लिहून घेतला की आवाज आपोआप उतरतो. सूचना द्यायच्याच असतील तर त्या आईबाबांमार्फत, आणि ‘अहो मावशी’ म्हणूनच.

गल्ल्यात पैसे कमी आले आणि त्या दिवशी मूल तिथे होतं.

आधी तुमचीच मोजणी तपासा : रोखीनं केलेला एखादा खर्च लिहायचा राहिला, ऑनलाइनची रक्कम रोखीत मांडली गेली, सुट्ट्यांसाठी शेजारच्या दुकानात नोट दिली. बहुतेक तूट या तीन जागी सापडते. दहावीस रुपयांची तूट ‘फरक’ म्हणून लिहून सोडा. वारंवार होऊ लागली तर मुलाला बाजूला घेऊन, एकट्यात, सरळ विचारा. सगळ्यांदेखत खिसे तपासू नका. आणि आरशातही पाहा : घरात कुणाला भाजी आणायची झाली की गल्ल्यातून नोट उचलली जाते आणि कुठे लिहिली जात नाही, हे मूल रोज बघतं. घरखर्चासाठी आठवड्याला ठरावीक रक्कम काढून वहीत लिहा, मग मुलाला नियम सांगा.

मुलीला आत आणि मुलाला काउंटरवर, असं आपोआप होतं. हरकत आहे का?

आहे. आपोआप होत नाही, आपणच करतो. जो हिशेबाला बसतो त्याच्याच हातात पुढे धंदा जातो. दर महिन्याला कामं अदलाबदल करा आणि तसा तक्ता भिंतीवर लावा.

मार्क कमी आले तर लगेच बंद करायचं?

आधी तास मोजा. आठवड्याला चार तासांपेक्षा कमी वेळ जात असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. जास्त जात असेल तर थांबवा, शिक्षा म्हणून नव्हे, ‘परीक्षेनंतर पुन्हा’ असं सांगून. दहावी-बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर काहीच नको. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. शाळा बुडवून दुकानात बसवणं तर नाहीच. न कळवता सलग ३० दिवस मूल गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी ते सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं, असं नियमच सांगतो.

त्याला यात अजिबात रस नाही. आग्रह करावा?

नको. महिन्यातून एकदा घरचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, एवढंच पुरे : या महिन्यात इतके आले, इतके गेले, फी इथून भरली. दुकानात न येणाऱ्या मुलालाही घर कशावर चालतं हे कळायला हवं.

आणि उलट? ती नववीतच म्हणते, शाळा सोडून धंदाच करते.

तिला एक पदार्थ पूर्णपणे सोपवा, कागदावर. भाव ठरवणं, पिशवीवरचा मजकूर, महिन्याच्या विक्रीचा अंदाज, परत आलेला माल. पिशवीवर काय काय छापावं लागतं याची यादी तिनेच करावी : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख, सर्व करांसह किंमत, प्रति एकक किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. मग घटकांची भाषा, टिकण्याचा काळ, कराचा दर असे प्रश्न निघतात आणि त्यांची उत्तरं रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजीच्या पुस्तकांकडे नेतात. कधी कधी हट्ट यातही टिकतो. तेव्हा बारावीनंतर अन्नतंत्रज्ञान किंवा वाणिज्य असे पर्याय समोर ठेवा, पण दहावीच्या आधी वाटाघाट नाही.

मुलाचे फोटो धंद्याच्या स्टेटसवर टाकले तर विक्री वाढते. टाकावेत?

चेहरा, गणवेश, शाळेचं नाव आणि रोजची वेळ यांतलं काहीही नको. अनोळखी गिऱ्हाइकांचे शेकडो नंबर त्या फोनमध्ये असतात. हात आणि लाडू दिसले तरी पुरतं.

भागीदारीत मुलाचं नाव आताच घालता येईल का?

पाटीवर नाव लावायला कुणाची आडकाठी नाही. भागीदार मात्र अल्पवयीन होऊ शकत नाही, कारण त्यानं केलेला करार कायद्यानं रद्दबातल असतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३० नुसार सगळ्या भागीदारांच्या संमतीनं त्याला फक्त लाभात सामील करता येतं : नफ्यात वाटा मिळतो, हिशेब पाहता येतो, आणि देण्यांची जबाबदारी त्याच्या वाट्यापुरतीच राहते, खाजगी मालमत्तेवर येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांत त्यानं भागीदार व्हायचं की नाही हे जाहीर नोटीस देऊन कळवायचं असतं. सहामाही उलटली आणि नोटीस दिली नाही तर तो भागीदार झाला असं धरलं जातं, आणि लाभात सामील झाल्या दिवसापासूनच्या देण्यांची जबाबदारीही त्याच्यावर येते. तेव्हा अठराव्या वाढदिवसाची तारीख सीएच्या वहीतही लिहून ठेवा.